काळ्या स्क्रीनसमोर

त्या लाल ठिपक्यानं माझं डोकं उठवलं होतं. दादाच्या स्क्रीनवर, घड्याळाच्या शेजारी, कितीतरी दिवस तो नुसता बसून होता. अपडेट बाकी आहे, अपडेट बाकी आहे. मला ओट्यावर खरकटा कप दिसला तरी चैन पडत नाही, आणि हे असलं मी सहन करणार? त्यात दुपारी डॉक्टरीणबाई यायच्या होत्या, दादाला त्यांच्याशी बोलायचं होतं. म्हटलं, मशीन कसं ठणठणीत हवं. दादा आतल्या खोलीत होता, वहिनी त्याचं अंग पुसून घेत होती. विचारत कोण बसणार? मी बटण दाबलं आणि चहा करायला गेले.

विचारलं असतं तर त्यानं मला हातच लावू दिला नसता, हे मला तेव्हाही माहीत होतं. काम असेल त्या दिवशी चालत्या मशीनच्या वाटेला जायचं नाही, हा त्याचा कायदा. छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. मी त्याच छापखान्यात पुस्तकांची पानं लावते, आणि तिथं त्याच्या परवानगीशिवाय मी एक स्क्रूसुद्धा फिरवला नाही. पण तो तिथला दादा. घरातला दादा म्हणजे माझा भाऊ, आणि भावाच्या वस्तूला हात लावायला कसली आलीय परवानगी?

आता एक सांगायला हवं, की हे मशीन म्हणजे काही सिनेमे बघायचं खेळणं नव्हतं. ते दादाचं तोंड होतं. त्याचा आजार असा, की नसा एकेक करून काम सोडतात. आधी बोटं गेली, मग हात, मग पाय, मग जीभ. डोकं शाबूत, कान शाबूत. आणि डोळे. स्क्रीनच्या खाली पट्टीसारखा एक कॅमेरा आहे, तो दादाची नजर कुठे लागलीय ते बघतो. स्क्रीनवर अक्षरांचा फळा. ज्या अक्षरावर नजर जरा टेकवली ते दाबलं जातं, आणि ‘बोल’ लिहिलेल्या चौकोनावर टेकवली की मशीन बोलतं. आवाज म्हणाल तर नाक चोंदलेल्या मास्तरांसारखा, सगळं एका सुरात. त्याच सुरात तो मला ‘भांडकुदळ’ म्हणायचा आणि त्याच सुरात वहिनीला ‘आज छान दिसतेस’ म्हणायचा. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

हे सगळं त्यानं स्वतः जुळवलं, हात चालत होते तोवर. लिनक्सवर, म्हणजे आतून कुणालाही उघडून बघता येते त्या सिस्टीमवर. तयार मशीन विकत मिळत होतं, पण छे! जे उघडून बघता येत नाही ते घरात नको म्हणाला. मी म्हटलं, “दादा, उद्या बिघडलं तर?” तर म्हणे, “तू आहेस की. भांडशील त्याच्याशी.” फळाही त्यानंच आखला, आणि हात गेल्यावरही नजरेनंच त्यात फेरफार करत राहिला. आम्हाला त्यात लुडबुड करू द्यायचा नाही.

आणि त्या दुपारी बोलायचं होतं ते साधंसुधं नव्हतं. दादाचा श्वास कमी पडत चालला होता. झोपताना लावायचा मास्क आता दिवसाही लावावा लागे, आणि तोही पुरत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. एक तर गळ्याला भोक पाडून नळी बसवायची, पुढचा श्वास यंत्र देईल, अजून काही वर्षं मिळतील. पण ती वर्षं अशीच, खुर्चीत, आणि रात्रंदिवस कुणीतरी उशाशी. नाहीतर नळी नको म्हणायचं. मग औषधं देऊन त्रास होणार नाही एवढं बघता येईल, आणि ते फार दिवस चालणार नाही. “मला त्यांच्याकडून ऐकायचंय,” त्या म्हणाल्या होत्या, “तुमच्याकडून नाही.” हॉस्पिटलात त्यांनी त्याच्यासाठी एक खाट धरून ठेवली होती, त्या दिवसापुरती.

आम्हाला वाटत होतं, उत्तर ठाऊकच आहे. आजार कळला तेव्हा, चांगला चालता-बोलता असताना, जेवता जेवता तो म्हणाला होता, “मला नळ्याबिळ्या लावून ठेवू नका, आत्ताच सांगून ठेवतो.” वहिनी ताटावरून उठून गेली होती. त्यानंतर तो विषय घरात कुणी काढला नाही.

तर मी चहा घेऊन आले तेव्हा अपडेट होऊन मशीन पुन्हा चालू होत होतं. सुरुवातीचं चिन्ह आलं, खाली ते गोल फिरलं, आणि स्क्रीन काळी झाली. म्हटलं, येईल. कुठली येतेय! मधोमध ‘सिग्नल नाही’ अशी अक्षरं उमटली आणि तीही विझली.

आधी मी केबल काढून पुन्हा घातली. कुणीही तेच करतं. मग बटण दाबून धरलं, मशीन बंद पाडलं, पुन्हा चालू केलं. चिन्ह, गोल, काळं. चालू होताना सिस्टीमची आधीची आवृत्ती निवडता येते, म्हणजे काल चालत होती ती. ती निवडली. चिन्ह, गोल, काळं! कालची कालपर्यंत चालत होती आणि आज तीही चालत नाही, म्हणजे काय? दुरुस्तीसाठी एक साधी, नुसत्या अक्षरांची अवस्था असते, तिच्यात शिरले, तर पांढरी अक्षरं स्वच्छ दिसली. म्हणजे केबल ठीक, स्क्रीन ठीक. चित्र काढायचं जे कार्ड असतं त्याला चालवणारा ड्रायव्हर बोंबललाय, एवढं कळलं. तिथून पुढे सरकले की पुन्हा काळं.

“काय गं, काय झालं?” वहिनी दादाची चाकाची खुर्ची ढकलत आली.

“काही नाही. दोन मिनिटं.”

“अगं, पण बंद का आहे?”

“वहिनी, दोन मिनिटं म्हटलं ना!”

तिनं खुर्ची नेहमीच्या जागी लावली, दादाची मान उशीत नीट बसवली, मास्कचा पट्टा सारखा केला. दादानं काळ्या स्क्रीनकडे पाहिलं, मग टेबलाशी वाकलेल्या माझ्याकडे. काय केलंस, असं विचारायला त्याला फळा लागत नव्हता.

“अपडेट केलं,” मी म्हटलं. “बघू नकोस असा. तो ठिपका किती दिवस तसाच होता! आणि तुलाच हौस ना लिनक्सची? घे आता.”

असं बोलले मी. त्या माणसाला. त्यानं नजर काढून घेतली. स्क्रीनखालच्या त्या कॅमेऱ्याच्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिला, मग स्क्रीनच्या खालच्या कडेला नजर लावून बसला. डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. रागावलाय, म्हटलं. माझं तोंडसुद्धा बघायचं नाहीये त्याला. मी बटण दाबून धरलं आणि पुन्हा बंद-चालू केलं. आणि मग पुन्हा. दर वेळी वाटायचं आता येईल, दर वेळी काळं. तोही दर वेळी तसाच, मान खाली घालायची ताकद नाही म्हणून नुसती नजर खाली घातलेला. मी हट्टाला पेटले होते. माझं असं आहे, एखादी गोष्ट ऐकत नसेल तर मी तीच पुन्हा जोरात सांगते. माणसांनाही आणि मशीनलाही.

दारावरची घंटा वाजली तेव्हा मी टेबलाखाली होते, वायरींच्या जंजाळात, हातभर धूळ माखलेली. डॉक्टरीणबाई आल्या, बॅग ठेवली, दादाच्या खांद्यावर हात ठेवून “कसे आहात?” म्हणाल्या. मग काळी स्क्रीन बघितली.

“आजच?” त्या म्हणाल्या.

“आजच,” वहिनी म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलंही नाही. त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी वाट पाहिली. वहिनीनं दिलेलं पाणी प्यायल्या. दादाच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा पाहिला, आणि त्यांचा चेहरा बदलला. “मला थांबायला हरकत नाही,” त्या हळू म्हणाल्या, “पण यांना आहे. आज संध्याकाळच्या आत ठरायला हवं. पूर्वी कधी हे मशीन बंद असलं तर तुम्ही काय करायचात?”

“डोळे,” वहिनी म्हणाली. “वर बघितलं की हो. खाली बघितलं की नाही.”

“पापण्या?”

“त्या आता धड मिटत नाहीत. औषधाचे थेंब घालावे लागतात.”

“मग वर आणि खाली. चालेल.” डॉक्टरीणबाई स्क्रीनच्या बाजूला, त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसल्या. वहिनी आणि मी खुर्चीच्या मागे उभ्या राहिलो. स्क्रीनमागच्या भिंतीत खिडकी आहे, तिच्यातून दुपारचं ऊन थेट आमच्या तोंडावर येत होतं. मी डोळे बारीक करून दादाच्या डोळ्यांकडे बाजूनं बघत होते.

त्यांनी अगदी सावकाश विचारलं. “गळ्यात नळी बसवावी, असं तुम्हाला वाटतं का? हो असेल तर वर बघा.”

नजर खालीच. डाव्या कोपऱ्यात.

“घाई करू नका. नळी नको असेल तर खाली बघा.”

खाली. जराशी उजवीकडे सरकली आणि पुन्हा डाव्या कोपऱ्यात आली. थकल्यासारखी.

“पुन्हा विचारते. यंत्रावर श्वास घेऊन जगायचं असेल तर वर.”

खाली. डावीकडे, उजवीकडे, पण खालीच. एकदाही वर नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. मग म्हणाल्या, “ठीक आहे. कळलं मला.”

आता खोटं कशाला सांगू. माझं पहिलं काय झालं असेल, तर माझ्या छातीवरची धोंड उतरली. सुटला बिचारा, असं मनात आलं, आणि त्याच्या मागोमाग, सुटलो. वहिनीनं एक मोठा श्वास सोडला आणि तिचे खांदे, जे मी कित्येक महिन्यांत ताठच बघितले होते, ते खाली आले. मग ती ओठ दाबून रडायला लागली. मी तिचा हात धरला.

डॉक्टरीणबाई उठल्या. “मी हॉस्पिटलला कळवते,” त्या म्हणाल्या आणि फोन घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात गेल्या. खाट सोडायची होती. ती वाट बघणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होती.

मी पुन्हा मशीनकडे वळले. आता घाई नव्हती, आणि नेमकी म्हणूनच मला अक्कल सुचली. निदान जे काही दिवस उरलेत तेवढ्यात तरी त्याला बोलता यायला हवं, वहिनीशी, माझ्याशी, शिव्या द्यायच्या तर शिव्या. पुन्हा बटणावर बोट ठेवायच्या ऐवजी मी माझा लॅपटॉप उघडला. घरातल्या वायफायवरून एका मशीनमधून दुसऱ्यात शिरता येतं. दादानंच शिकवलं होतं. मशीन जिवंत असेल तर उत्तर देईल, मेलेलं असेल तर देणार नाही. माझी तर खात्री होती की ते मेलंय.

मशीननं पासवर्ड विचारला.

पासवर्ड घातला. आत शिरले. मशीन नुसतं जिवंत नव्हतं, ठणठणीत होतं! मी एकेक बघत गेले. नव्या ड्रायव्हरनं दादाच्या जुन्या कार्डाला ओळख द्यायचंच सोडलं होतं. कार्ड निकामी, म्हणून कालची आवृत्तीही निकामी. पण असल्या मशीनच्या पोटात चित्र काढायची आणखी एक छोटी सोय असते, कार्ड नसलेल्यांसाठी. कार्डानं हात वर केल्यावर सिस्टीम गुपचूप तिच्यावर गेली होती, आणि सगळं चित्र तिथं काढत होती. नेहमीसारखं. फक्त त्या सोयीच्या भोकात केबलच नव्हती. केबल होती कार्डाच्या भोकात. आणि आवाज? आवाजही त्याच केबलमधून स्क्रीनच्या स्पीकरला जायचा. तोही गेला होता.

फळा चालू होता. कॅमेरा चालू होता.

कॅमेरा चालू होता! मी मान वर करून त्या पट्टीकडे पाहिलं. तिच्यातले बारीक लाल दिवे मंद पेटलेले होते. नीट बघितलं तरच दिसतात. दादा खुर्ची लागल्या लागल्या त्यांच्याकडेच तर बघत बसला होता.

मी दादाच्या डोळ्यांकडे पाहिलं. खाली, डावा कोपरा. तिथं जरा टेकून नजर उजव्या कोपऱ्यात. आणि नजर उजव्या कोपऱ्यात टेकल्याबरोबर माझ्या लॅपटॉपवर मशीनचा बोलणारा प्रोग्रॅम दचकल्यासारखा जागा झाला, आणि पुन्हा झोपला. पुन्हा डावा कोपरा. पुन्हा उजवा. पुन्हा जागा झाला.

अरे देवा.

खिळ्याला वहिनीचे इअरफोन लटकत होते, ते मी ओढून घेतले. मशीनच्या मागे आवाजाचं एक हिरवं भोक असतं, त्यात चाचपडत खुपसले. एक बोंड कानात घातलं.

कानात काहीच नाही. मग तो मास्तरांचा आवाज.

“हो.”

दादाची नजर डावीकडे गेली, उजवीकडे आली.

“हो.”

मी टेबलाखाली गुडघ्यावर बसून, तोंडावर हात दाबून ऐकत होते.

“हो. पाणी. हो. थांब. हो. हो. थांब.”

पाणी चुकून दाबलं गेलं असणार, काळोखात शेजारचा चौकोन लागला असणार. पण थांब? थांब मला होतं. बटण दाबून धरणाऱ्या मला. तो मघापासून बोलत होता, आणि मी दर वेळी त्याचं तोंड दाबत होते. आणि नळीचा तो प्रश्न! दोन्ही वेळा त्यानं हो म्हटलं, आमच्यासमोर, आणि आम्ही तिघींनी टक लावून बघत ते नाही म्हणून ऐकलं.

“डॉक्टर!” मी किंचाळले. “फोन ठेवा! डॉक्टर, फोन ठेवा, खाट सोडू नका!”

वहिनी किती घाबरली! तिला वाटलं, संपलं. ती दादाच्या छातीवर झेपावली. डॉक्टरीणबाई फोन कानाला लावून तशाच धावत आल्या. मी उत्तर द्यायच्या भानगडीत पडले नाही. केबल कार्डातून उपसली, मशीनच्या दुसऱ्या भोकात घातली, इअरफोन उपटून फेकले. स्क्रीन एकदा लुकलुकली, आणि फळा आला.

रोज दिसणारा तो फळा मी पहिल्यांदाच नीट बघितला. फळ्याचा वरचा अर्धा भाग मोकळा होता. काही नाही, नुसता करडा रंग. सगळी अक्षरं, सगळे शब्द खाली दाटीवाटीनं कोंबलेले. अगदी खाली डाव्या कोपऱ्यात हो, त्याच्या बाजूला पाणी, थांब, आणि उजव्या कोपऱ्यात बोल.

“हे असं कधी केलं यांनी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“झाले बरेच दिवस,” वहिनी म्हणाली. “हळूहळू एकेक खाली आणत होते. मला वाटलं, त्यांना तसं आवडतं.”

दादाची नजर खालच्या खाली फिरू लागली. आता स्क्रीनचे स्पीकर चालू होते, प्रत्येक अक्षराला टिक टिक वाजत होतं.

“डोळे वर जात नाहीत.”

“सांगितलं का नाहीस?” मी ओरडलेच त्याच्यावर. “दादा, सांगायचं नाही का?”

टिक, टिक, टिक.

“कुणी विचारलं नाही.”

वहिनी मटकन जमिनीवर बसली. डॉक्टरीणबाईंनी फोन छातीशी धरला होता, त्यातून पलीकडचं माणूस हॅलो हॅलो करत होतं. त्यांनी स्टूल ओढलं, आणि या वेळी त्या स्क्रीनकडे बघत बसल्या. “मी पुन्हा विचारते. तुम्हाला नळी बसवून हवी आहे?”

“हो.”

“पुढचं सगळं माहीत असून?”

“हो.”

“तुम्ही पूर्वी नको म्हणाला होतात, असं घरचे म्हणतात. म्हणून विचारते. आज काय बदललं?”

हे लिहायला त्याला वेळ लागला. एक अक्षर चुकलं, ते पुसलं, पुन्हा लिहिलं. मास्कमधून श्वास ओढताना त्याच्या गळ्याखाली खळगा पडत होता. मग तो आवाज आला, बाजारभाव वाचून दाखवावेत तसा.

“तेव्हा मरत नव्हतो.”

डॉक्टरीणबाई उठल्या आणि फोनवर बोलल्या. खाट गेली नव्हती. कुणीतरी नाव खोडायला पेन उचललं होतं, एवढंच. ॲम्ब्युलन्स निघतेय, असं त्या म्हणाल्या, आणि दादाची औषधं गोळा करायला वहिनीला उठवायला लागल्या. पण वहिनी उठेना. तिनं दादाचे पाय धरले होते, त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं होतं आणि “मला माफ करा, अहो, मला माफ करा” एवढंच म्हणत होती. कशाबद्दल ते डॉक्टरीणबाईंना कळलं नसेल. मला कळलं. माझ्या मनात आलं, आपणही म्हणावं, पण म्हटलं, त्याला कुठे काय माहीत आहे? तो तर पाठमोरा होता. आम्ही मागे उभ्या होतो, त्याची नजर पूर्ण वेळ स्क्रीनवर होती, त्यानं आमची तोंडं बघितलेली नाहीत. कशाला उगाच त्याच्या जिवाला घोर. मी डोळे पुसले आणि शक्य तेवढ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, “दादा, चल, आता हॉस्पिटलात जाऊन सगळ्यांना कामाला लाव.”

टिक टिक सुरू झालं. वहिनीनं डोकं वर केलं.

“दोघी दिसत होतात.”

“कुठे रे?” मी म्हटलं.

“काळ्या स्क्रीनमध्ये.”

समोरून ऊन आमच्या तोंडावर, आणि मधे ती काळी चकचकीत काच. त्याच्यासमोर. आम्ही तिघींनी त्याचे डोळे निरखले, आणि त्या वेळात त्यानं आम्हाला. वहिनीचे खांदे खाली आलेले त्यानं पाहिले होते. माझा चेहराही. तो तेव्हा कसा झाला होता ते मला माहीत नाही, त्याला माहीत आहे. वहिनीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. सॉरी म्हणायला मी पुढे झाले, तर त्याची नजर अजून फळ्यावर फिरतच होती, खालच्या खाली, एकेक अक्षर.

“तरी हो,” मशीन म्हणालं.